मागे सरकणं

टेप चिकटवून झाली की दीक्षा उजव्या अंगठ्यानं ती डावीकडून उजवीकडे एकदा दाबते. टेपवरच्या फिकट, तिरक्या रेघा अंगठ्याखालून सरकत जातात. शेवटच्या रेघेवरून अंगठा उचलला जातो आणि त्याच क्षणी तिची हनुवटीही उचलली जाते. फार नाही, बोटभर. नजर दाराकडे जाते. दारात उभ्या असलेल्या नंदाची मान हलली की हनुवटी खाली येते आणि हात पुढच्या पाकिटाकडे वळतात. या सगळ्याला श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ लागतो. इतका थोडा, की इतक्या महिन्यांत तो नंदाला वेगळा असा कधी दिसला नव्हता. आज दिसला, कारण आज ती दारात नव्हती. लिफ्ट बंद असल्यानं ती मागच्या जिन्यानं वर आली होती. तो जिना निर्जंतुक केलेली पाकिटं ठेवायच्या खोलीपाशी निघतो. तिथल्या जाड काचेतून तिला पलीकडचं लांब टेबल दिसलं, टेबलापाशी निळी टोपी घातलेली दीक्षा दिसली, आणि अंगठा, हनुवटी, नजर हे सगळं बाजूनं दिसलं. आपण रोज समोरून पाहतो ते बाजूनं पाहावं तसं. दार रिकामं होतं. दीक्षाचे हात थांबले. ते पाकिटावर तसेच राहिले, हनुवटी वर, डोळे रिकाम्या दाराकडे. मुक्ताबाई कापडाचा गठ्ठा घेऊन त्याच दारातून आत आल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या, तरी हात हलले नाहीत. आणि तेव्हा नंदानं, काचेमागे, जिथून ती कुणालाही दिसणं शक्य नव्हतं, मान हलवली.

आपण हे काय केलं हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. मग ती जवळजवळ धावतच लांबच्या बोळातून फिरून दारापाशी आली. जमिनीवरच्या लाल पट्टीशी थांबली, कारण पट्टीच्या पुढे बाहेरच्या माणसानं जायचं नसतं. दीक्षानं तिला पाहिलं. नंदानं मान हलवली. हनुवटी खाली आली. पुढचं पाकीट.

खराडीतल्या या मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर आयटी कंपन्यांतली तरुण माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून तपासण्यांसाठी बसलेली असतात. वर बाळंतिणी, हाडं, हृदय. या सगळ्यांना लागणारी हत्यारं आणि कापडं धुऊन, मोजून, गुंडाळून, वाफेत घालून परत पाठवायचं काम या एका विभागात होतं. इथं येणारे रोगी नाहीत, भेटायला येणारी माणसं नाहीत, खिडक्याही नाहीत. दीक्षा जखमा बांधायचे सेट तयार करते. दोन फोर्सेप, म्हणजे चिमटे, एक वाटी, गॉजची जाळीदार घडी, कापूस. हिरव्या कापडात ठरलेल्या घड्या घालून पाकीट करायचं, टेप लावायची. वाफेच्या यंत्रातून पाकीट बाहेर आलं की टेपवरच्या फिकट रेघा काळ्या झालेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात नंदानं तिला हे दाखवलं तेव्हा ती मोठ्यानं हसली होती. रेघा काळ्या झाल्या म्हणजे पाकीट उष्णतेतून जाऊन आलं, एवढंच टेप सांगते. आत जे आहे ते खरोखर निर्जंतुक झालं की नाही, ते टेपला ठाऊक नसतं. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. हे नंदानं दीक्षाला सांगितलं नव्हतं. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षांनी ते तिच्या अंगात मुरलं होतं: खूण वेगळी आणि गोष्ट वेगळी. आज मात्र तिला वाटलं, आपण एवढे दिवस खूणच बघत उभ्या होतो का? मुलीचे हात चालतात, चुका होत नाहीत, पाकिटं चौकोनी होतात, ही खूण. आणि गोष्ट ही, की दार रिकामं असलं की ते हात थांबतात.

नंदाच्या संस्थेत तिच्या या कामाला ‘मागे सरकणं’ म्हणतात. ज्यांना शिकायला वेळ लागतो अशा मुलामुलींना नोकरी मिळवून द्यायची, म्हणजे खरी नोकरी, इतर चार माणसं जिथं काम करतात तिथं, त्याच टेबलावर, त्याच पगारात. मग त्यांच्याबरोबर आपण कामावर जायचं. आधी खांद्याशी उभं राहायचं, हातावर हात ठेवून शिकवायचं. मग टेबलाच्या टोकाला. मग दारात. मग इमारतीच्या बाहेर. मग नुसता फोन. मग फोनलाही कारण उरत नाही. नवीन माणसं घेताना संस्थेत हमखास सांगतात, आपलं काम म्हणजे आपली गरज संपवण्याचं काम. नंदाही नवीन मुलींना हे सांगत आली होती. शांतपणे, फळ्यावर बाण काढून. बाण खांद्याकडून दाराकडे जायचा आणि दारातून फळ्याच्या बाहेर. दीक्षाच्या वेळी मात्र बाण दारापाशी आला आणि तिथंच राहिला. रोज येणं कमी करून सोमवार, बुधवार, शुक्रवार इतकं खाली आलं होतं, पण त्याच्या खाली जात नव्हतं. संस्थेतला रोहन नंदाच्या निम्म्या वयाचा. तो मध्यंतरी म्हणाला होता, “मॅडम, तुमचं ते दार म्हणजे एकदम परमनंट ॲड्रेस झालाय. आधार कार्डावर टाकून घ्या.” सगळे हसले होते. तीही हसली होती. मग म्हणाली होती, “अजून थोडे दिवस.”

आज सकाळी मात्र थोडे दिवस संपले होते. विभागाच्या प्रमुख सिस्टर भाग्यश्री. त्या बसून बोलत नाहीत. हातातलं काम चालू ठेवून, समोरच्याकडे न बघता बोलतात. नंदा दारात पोचून धाप टाकत होती तेव्हाच त्या जवळ आल्या. “पुढच्या महिन्यापासून दोन शिफ्टा होतायत. बाहेरचं कुणी आत यायचं नाही, बोळातसुद्धा नाही. तुम्हीही नाही. शिफ्टची नावं आज संध्याकाळी वर पाठवायचीयत. दीक्षाचं घालू का?”

“आणि नाही घातलं तर?”

“नाही घातलं तर तिची शिकाऊ मुदत संपतेय. पुन्हा वाढवून मिळणार नाही. मग हार, नारळ, फोटो, नमस्कार.” सिस्टरांनी ट्रेमधली कात्री उजेडात धरून तिचं टोक पाहिलं. “मी घालायला तयार आहे. मागच्याच महिन्यात तयार होते. तुम्ही म्हणालात, अजून नको.”

“मी नसते त्या दिवशी ती कशी करते?”

“सांगितलंय की. नीट करते.”

“कुणाची मदत होत असेल. मुक्ताबाई वगैरे...”

“हो का? असेल.” कात्री ट्रेमध्ये परत गेली. “तज्ज्ञ तुम्ही. मी आपली नुसती रोज इथं असते.”

त्या गेल्या. नंदा लाल पट्टीशी उभी राहिली. सिस्टर खोटं बोलत नव्हत्या हे तिला कळत होतं. पण चांगुलपणानं बोलत असतील, हेही होतं. या क्षेत्रात चांगुलपणासारखा अविश्वासू साक्षीदार दुसरा नाही. ‘छान करते हो’, ‘गोड आहे’, ‘काही त्रास नाही तिचा’ असं म्हणत म्हणत लोक एक दिवस म्हणतात, ‘पण आता नको’. आणि आज तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं मुक्ताबाईंना हाक मारली. मुक्ताबाई इथल्या सगळ्यात जुन्या, नवऱ्याच्या माघारी कामाला लागलेल्या; दीक्षाच्या समोरच्या बाजूला उभं राहून कापडांच्या घड्या घालतात.

“मुक्ताबाई, मी नसते तेव्हा दीक्षा पाकीट झालं की तुमच्याकडे बघते का? तुम्ही मान हलवून सांगता का तिला, बरोबर म्हणून?”

“मी कशाला मान हलवू बाई? डॉक्टरनं पट्टा दिलाय मानेला. तोच घालत नाही मी.” मग नंदाचा चेहरा बघून त्या जरा मऊ झाल्या. “तुम्ही जरा बसत जावा. दर वेळी उभ्या उभ्याच.”

बसायला तिथं जागा नव्हती. नंदा उभीच राहिली, आणि अंगठा, हनुवटी, नजर हे पुन्हा पुन्हा घडताना बघत राहिली. आणि आता दर वेळी मान हलवताना तिला आपली मान जाणवत होती, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलांना ती एक गोष्ट करून दाखवायची. लहानशा परीक्षानळीत थोडंसं कोमट पाणी घ्यायचं आणि त्यात मोठा, थंड तापमापक घालायचा. तापमापक दाखवतो ते तापमान पाण्याचं नसतं. मोजायच्या आधी पाणी जेवढं कोमट होतं तेवढं आता राहिलेलंच नसतं. तापमापकानं त्यातली ऊब स्वतःकडे घेतलेली असते. मुलं विचारायची, मग खरं तापमान कसं कळणार? ती म्हणायची, लहान तापमापक घ्या. मुलं लिहून घ्यायची.

दीक्षाचे वडील दशरथराव सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. विश्रांतवाडीला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. नंदा पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, खाली दीक्षाचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता, आणि त्यांच्यामध्ये घड्याळ. दशरथरावांनी चहा पुढे केला आणि बशी हातात घ्यायच्या आधीच सांगितलं, “मॅडम, एक आधी बोलून घेतो. पणत्या रंगवायच्या असतील तर आम्हाला नको. पाकिटं चिकटवणं, राख्या, तसलंही नको. दोन ठिकाणी बघून आलोय मी. त्या पणत्या लोक विकत घेत नाहीत. हातात घेऊन हळहळतात.” त्यांची बायको, हिराबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अहो, बसू तर द्या त्यांना.” “बसू देतोच आहे. माझ्या बापानं मला सांगितलं होतं, पाटी घेऊन बाहेर बसू नको, आत बेंचवर बस. मी तेच सांगतोय पोरीसाठी. बाहेर बसवलेलं काम नको.” नंदानं त्या वेळी फक्त चहा संपवला होता. तिला वाटलं होतं, या माणसासाठी तरी खरी नोकरी शोधायची. पुढे बस शिकवणं, बस बदलणं शिकवणं, चुकीच्या बसमध्ये बसल्यावर काय करायचं ते शिकवणं, मोबाइलवर फोन लावणं, लंचला डबा घेऊन इतरांच्या टेबलावर जाऊन बसणं आणि आपण बोलत नसलो तरी उठून न जाणं. हे सगळं झालं. कालच दशरथरावांचा फोन आला होता. “तुम्ही आहात म्हणून आम्ही दोघं दुपारी झोपतो, मॅडम. एरवी डोळा लागत नव्हता.” फोन ठेवल्यावरही तो तिनं थोडा वेळ हातात धरून ठेवला, गरम होता म्हणून.

तिच्या हातात गरम वस्तू फारशा येत नाहीत. बिबवेवाडीत आईवडिलांच्या जुन्या घरात ती एकटी राहते. सकाळी स्कूटर काढते, फातिमानगरपाशी अडकते, मगरपट्ट्यापाशी अडकते आणि खराडीला पोचेपर्यंत तिच्याशी कुणी बोललेलं नसतं. त्यात दुःख असं काही नाही. तिला आवडतं ते. पण लाल पट्टीशी उभं राहिल्यावर त्या लांब, पांढऱ्या खोलीतून एक चेहरा दर थोड्या वेळानं तिच्याकडे वळतो, आणि तिच्या होकारावाचून पुढचं काही घडत नाही, हे तिच्या दिवसातलं काय होतं? तिनं याला कधी नाव दिलं नव्हतं. आज काचेमागे मान हलली तेव्हा ते उघडं पडलं. ती मान दीक्षासाठी हलली नव्हती. दीक्षाला ती दिसत नव्हती.

यंत्राचं झाकण उघडलं, वाफ सुटली, आणि कुणीतरी धुतलेल्या फोर्सेपची मोठी टोपली स्टीलच्या टेबलावर उलटी केली. तो आवाज आला आणि नंदानं नजर टेबलावरून काढून घेतली. हा आवाज तिला नेहमीच त्रास देतो. बिबवेवाडीत वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, नटबोल्टचं लहान दुकान होतं. शंभू, तिचा मोठा भाऊ, शिकायला वेळ लागतो म्हणून शाळेतून घरी पाठवला गेल्यापासून दुकानात जायचा हट्ट धरायचा. गिऱ्हाइकांसमोर तो नको होता. मग अण्णांनी त्याला घरीच काम दिलं. एक घमेलं भरून नट, बोल्ट, वायसर, सगळ्या मापांचे, मिसळलेले. ते निवडून वेगवेगळ्या बरण्यांत भरायचे. शंभू सकाळी अंघोळ करून, भांग पाडून बसायचा. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. दुपारी आईनं जेवायला हाक मारली तर म्हणायचा, “थांब गं, ऑर्डर आहे.” संध्याकाळी बरण्या भरलेल्या असायच्या. अण्णा दुकान बंद करून यायचे, प्रत्येक बरणी उचलून बघायचे, मान हलवायचे, म्हणायचे, “शाब्बास. माल चोख आहे.” शंभू हात धुवायला मोरीत जायचा. आणि तो मोरीत असताना अण्णा त्या बरण्या एकेक करून पुन्हा घमेल्यात उलट्या करायचे. आई त्या वेळी मुद्दाम भांडी वाजवायची. नंदा पाटावर वही ठेवून गणितं सोडवत असायची आणि भांड्यांच्या आवाजाखालचा तो दुसरा आवाज ऐकायची. लोखंडावर लोखंड. वर्षानुवर्षं. तेच नट, तेच बोल्ट. शेवटी शेवटी ते हात लागून लागून चांदीसारखे गुळगुळीत झाले होते.

एकदा त्यात एक वाकडा बोल्ट आला. कसा आला कुणास ठाऊक. अण्णांनी न बघता टाकला असेल. शंभूनं तो काढला, उजेडात धरला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घमेल्यात होता. त्या दिवशी रविवार होता, अण्णा घरी होते, नंदाही होती. शंभूनं बोल्ट हातात घेतला. ओळखला. बोटांत फिरवून पाहिला. मग त्यानं मान वर करून अण्णांकडे बघितलं आणि हसला. मोठं हसू नव्हतं. अण्णांनी विचारलं, “काय रे, हसतोस काय?” “काही नाही अण्णा,” तो म्हणाला, आणि वाकडा बोल्ट बरणीत टाकला. अण्णा पुढं कितीतरी वर्षं, शंभू न्यूमोनियानं गेल्यानंतरही, आल्यागेल्याला हे सांगायचे. समाधानी होता पोरगा. आपल्या कामात हसायचा. नंदा प्रत्येक वेळी उठून आत जायची. तिला वाटायचं, त्या दिवशी त्याला कळलं. आपलं काम खोटं आहे हे त्याला कळलं आणि ते हसू म्हणजे काहीतरी मोडल्याचं हसू होतं. त्यानंतरही तो बसत राहिला, कारण दुसरं काही नव्हतं. असं ती समजत आली होती. प्रयोगशाळा सोडून ती या कामात आली त्याचं कारण कुणी विचारलं तर ती वेगळंच काहीतरी सांगायची. खरं कारण तो आवाज होता.

चहाची सुट्टी झाली. दीक्षानं टोपी काढली, हात धुतले, पुसले, आणि नंदापाशी आली. बोळाच्या टोकाला एक बाक आहे. बुधवारी त्या दोघी तिथं बसतात. दीक्षाच्या डब्यात खारी होती. तिनं एक खारी मधोमध मोडली, मोठा तुकडा नंदाला दिला आणि मांडीवर पडलेले पापुद्रे बोटानं टिपून खाल्ले. ती एकोणतीस वर्षांची आहे. डोळ्यांच्या कडा जराशा वर चढलेल्या, आवाज जाड, शब्द सावकाश येतात, पण आले की पक्के येतात. नंदाला विचारायचं नव्हतं. विचारलं की आकडा बदलतो, तापमापक थंड असतो. तरी तिनं विचारलं.

“दीक्षा, सकाळी तू पाकीट करून थांबली होतीस. दाराकडे बघत.”

“हो.”

“का गं?”

“बुधवार आहे.”

“म्हणजे?”

“बुधवारी तुम्ही येता.” दीक्षानं तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. “आला नाहीत. मला वाटलं, स्कूटर पडली.”

बोळातून कुणीतरी चाकांची गाडी ढकलत गेलं. नंदा ती गाडी वळेपर्यंत थांबली. “आणि काल? काल मंगळवार होता. काल कुणाकडे बघितलंस?”

“काल कशाला बघू? काल तुम्ही नव्हता ना.”

“मग पाकीट बरोबर झालंय हे तुला कसं कळलं?”

या प्रश्नानं दीक्षा गोंधळली. प्रश्न अवघड आहे म्हणून नाही. एवढं साधं नंदा मॅडमना का विचारावं लागतंय, हे तिला कळत नव्हतं. मग तिनं समजावून सांगितलं, बोटं मोजत, नंदानंच एके काळी तिला सांगितलं होतं त्याच सुरात. “दोन फोर्सेप. एक वाटी. गॉज. कापूस. घडी. टेप. झालं.”

“मग मी असते तेव्हा का बघतेस माझ्याकडे?”

दीक्षानं डब्याचं झाकण लावलं. एक कडी बसली, दुसरी बसत नव्हती. तिनं ती अंगठ्यानं दाबली. “तुम्ही दारात उभ्या असता,” ती म्हणाली. “किती वेळ. खुर्ची पण नाही. कुणी बघितलं नाही तर वाईट वाटतं.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

नंदाच्या हातात खारीचा तुकडा होता. तिनं तो तोंडात घातला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. दीक्षा बोलत होती. पुढच्या महिन्यापासून दोन शिफ्टा आहेत. मुक्ताबाई संध्याकाळची घेणार. नवीन आलेली संस्कृती पण संध्याकाळची. संस्कृती फोनवर गाणी लावते, सिस्टर ओरडतात, मग ती हळू लावते. संस्कृती तिला म्हणाली, दीक्षू, तू पण संध्याकाळची घे, मज्जा करू. सिस्टर संध्याकाळी नावं लिहिणार आहेत. “माझं घालणार ना?” दीक्षानं विचारलं. “बाबा विचारतात रोज. मी सांगितलं, मॅडमना विचारते.” मग थोडं थांबून, खाली बघत, “रात्रीच्या बसचं पण मला येतं. तिथं दिवे असतात. तुम्ही नाही म्हणालात का सिस्टरना?”

“नाही,” नंदा म्हणाली. आणि हे उत्तर कशाचं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दीक्षा आत गेली. नंदा बाकावर बसून राहिली. तिला वाटत होतं आपण रडू, पण तसं काही झालं नाही. फक्त शंभू दिसत होता, रविवारच्या उन्हात, हातात वाकडा बोल्ट. मान वर करून तो अण्णांकडे बघतोय. अण्णा खुर्चीत बसलेत, वर्तमानपत्राआडून त्याच्याकडे बघतायत, काहीतरी मिळण्याची वाट बघितल्यासारखे. आणि शंभू हसतो. ते हसू तिनं आयुष्यभर एका बाजूनं पाहिलं होतं. आता ते दुसऱ्या बाजूनं दिसत होतं, आणि ते मोडल्याचं नव्हतं. घरी पाहुणा आला की आपण हसतो, किंवा म्हाताऱ्या माणसानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली की हसतो, तसं होतं. काही नाही अण्णा. त्याला केव्हापासून ठाऊक होतं? त्या दिवसापासून, की त्याच्या कितीतरी आधीपासून? मोरीत हात धूत असताना त्यालाही तो आवाज ऐकू येतच असणार. भांडी त्याच्यासाठी वाजत होती आणि तो अण्णांसाठी भांग पाडून बसत होता, आणि त्या घरातलं खरं काम, रोजचं, न चुकता केलेलं, बिनपगारी काम ते होतं. कुणी त्याला म्हणालं नाही, शंभू, आता पुरे. म्हणायला हवं होतं अण्णांनी. त्यांना ते जमलं नाही. बरणी उचलून मान हलवणं त्यांना हवं होतं. दुकानात तर त्यांना कुणी विचारत नव्हतं.

ती उठली. बोळातून चालत ती दारापाशी आली. लाल पट्टी तिच्या बुटांच्या टोकांनी एके जागी फिकट झाली होती. ती जागा तिनं आजवर पाहिली नव्हती. आत सगळे कामात होते. मुक्ताबाई कापडाला हात लावून ते कोरडं आहे का बघत होत्या. सिस्टर भाग्यश्री भिंतीकडच्या उंच मेजाशी उभ्या राहून नावं लिहीत होत्या. दीक्षानं कापडाची शेवटची घडी घातली, टेप तोडली, लावली. अंगठा डावीकडून उजवीकडे सरकला. शेवटची रेघ. हनुवटी वर आली, बोटभर, आणि दीक्षानं तिच्याकडे पाहिलं. आणि नंदाला त्या पाहण्यातली माया इतकी स्पष्ट दिसली की तिला नजर वळवावीशी वाटली. तिनं वळवली नाही. पण मानही हलवली नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दीक्षाचे हात पाकिटावर होते. यंत्रातून वाफ सुटली. मग दीक्षाच्या भुवया जराशा जवळ आल्या, ती नंदाकडे अजून क्षणभर बघत राहिली, एखाद्या माणसाला बरं नाहीये का असं बघावं तशी. आणि मग, कुणीही काहीही न सांगता, तिनं खाली पाहिलं, ते पाकीट बाजूला सरकवलं आणि पुढचं हिरवं कापड ओढलं.

“सिस्टर,” नंदा म्हणाली. यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, आणि या वेळी सगळ्यांनी, मुक्ताबाईंनीही, वळून पाहिलं. फक्त दीक्षा घडी घालत होती. “सिस्टर, दीक्षाचं नाव संध्याकाळच्या शिफ्टमध्ये घाला. मी आता येणार नाही.”